निऱ्या धरणारा

योगेंद्रने ओठांत धरलेली शेवटची पिन काढली, ज्येष्ठेच्या खांद्यावरच्या पदराच्या घड्यांतून ती आत टोचली आणि दोन पावले मागे सरकून पाहिले. पत्र्याच्या कोठीला खांदे नव्हते; आईने सांगितल्याप्रमाणे टॉवेलाच्या गुंडाळ्या बांधून त्याने ते तयार केले होते. मुखवटा संध्याकाळी बसायचा होता. तरी हिरव्या साडीतली ती कोठी, उंबऱ्याशी थबकून आत येऊ की नको असा विचार करणाऱ्या बाईसारखी दिसत होती.

आई दिवाणावर बसली होती. प्लास्टरमधला उजवा हात तिने उशीवर ठेवला होता. आधी तिने कोठीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग हसली.

“अरे, ही आपली महालक्ष्मी आहे का तिवारीबाईंची सून?”

योगेंद्रला क्षणभर काही कळले नाही. कळले तेव्हा त्याचे कान गरम झाले. पदर मागून उजव्या खांद्यावर आला होता आणि तिथून पुढे, पंख्यासारखा छातीवर पसरला होता. जबलपूरच्या हिंदी घरांतल्या नवऱ्या मुली असाच सीधा पल्ला घेतात. आईने, आजीने, त्यांच्या घरातल्या कुठल्याच बाईने पदर कधी उजव्या खांद्यावर घेतला नव्हता. महालक्ष्मीने तर नाहीच.

“चुकलं,” तो म्हणाला. “परत नेसवतो.”

“चुकणारा माणूस इतकं सफाईनं चुकत नाही रे.” आईचे हसू आता ओसरले होते. “मला एकेका साडीला दुपार लागते. दहादा सोडते, दहादा नेसवते. तू तर घडीभरात… कुठं शिकला?”

“युट्यूबवर पाहिलं.”

स्टुलावर उभे राहून योगेंद्रचे वडील मुरलीधर फुलोऱ्यासाठी चौकटीला दोरे बांधत होते. उद्या त्या दोऱ्यांना करंज्या आणि पापड्या टांगायच्या होत्या. त्यांचे हात थांबले. सरकारी फॅक्टरीत त्यांनी जन्मभर फिटरचे काम केले होते. नवी शिकाऊ मुले आली, की कानस कशी धरली यावरून ते सांगत, कोण शिकून आला आहे आणि कोण नुसते सर्टिफिकेट घेऊन. पोराच्या शर्टावर डाव्या बाजूला पिनांची एक सरळ रांग टोचलेली होती. न पाहता हात तिथे जायचा आणि पिन घेऊन यायचा. असे युट्यूब पाहून होत नाही.

ते स्टुलावरून खाली उतरले.

“योगू, रिछाईच्या कंपनीत तू काय बघतो म्हणाला होता?”

“क्वालिटी.”

“कशाची?”

योगेंद्रने ज्येष्ठेचा पदर सोडायला सुरुवात केली होती. एक पिन काढली, शर्टाला लावली. दुसरी काढली. मग त्याच्या लक्षात आले, की आपण पुन्हा तेच करतो आहोत आणि बाबा ते पाहत आहेत. तिसरी पिन त्याने मुठीत धरली.

“कंपनी नाही, बाबा.”

“मंग?”

“सदर बाजारात एक पार्लर आहे. क्षमादीदींचं. लग्नाबिग्नाच्या ऑर्डरी असतात. मी साड्या नेसवतो.”

“बायांना?”

“हो.”

बाहेर गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. त्याचा आवाज कांचघरच्या चौकाकडे दूर गेला.

“त्यांच्या आया, बहिणी असतात तिथं,” योगेंद्र म्हणाला. “मी फक्त निऱ्या, पदर…” वाक्य पुरे झाले नाही. पुरे करून सांगण्यासारखे त्यात काही नव्हते.

मुरलीधर दाराकडे पाहत होते. दाराबाहेर, फाटकावर, त्यांनी स्वतः कापलेली पितळी पाटी होती: योगेंद्र मुरलीधर पाचपोर, बी.ई. (मेकॅनिकल). प्रत्येक अक्षर हाताने घासलेले. निकालाच्या दिवशी लावली होती आणि अजून दर रविवारी चिंचेच्या कोळाने ती पुसली जात असे.

“उद्या दिवाकर येते जेवायला,” ते म्हणाले. “त्याच्यापुढं हे काढू नको.”

आणि ते पुन्हा स्टुलावर चढले.

योगेंद्रने साडी सोडून परत नेसवली. या वेळी पदर डाव्या खांद्यावर घेतला. हात मुद्दाम सावकाश चालवले, एकदा निऱ्या मुद्दाम विस्कटू दिल्या. कोणासाठी, ते त्याला कळले नाही.

लहानपणापासून या सणात त्याचे काम एकच होते. बहीण नव्हती, म्हणून आई त्याला हाक मारायची, “योगू, खालून निऱ्या धर.” तो फरशीवर मांडी घालून बसायचा आणि साडीचे खालचे काठ चिमटीत पकडून ठेवायचा. वरून आई सांगायची, “सोडू नको हं. तू सोडलं की महालक्ष्मीचा तोल जाते.” त्याला ते खरे वाटायचे. नाकावर माशी बसली तरी तो हात सोडत नसे.

डिग्रीनंतर नोकरी मिळेना, तेव्हा एका मित्राबरोबर तो लग्नात फोटोग्राफरचे दिवे धरायला जाऊ लागला. घमापूरच्या एका लग्नात वरमाला व्हायच्या ऐन वेळी नवरीच्या निऱ्या सुटल्या. सगळ्या बायका एकदम धावल्या आणि कोणालाच जमेना. योगेंद्रने दिवा खाली ठेवला, गुडघ्यावर बसला आणि काठ चिमटीत धरले. क्षमादीदी तिथे मेकअपला आल्या होत्या. “भैया, ये हाथ कहाँ से लाए?” असे त्यांनी विचारले, आणि आपल्या आईचे नाव घ्यायची त्याला लाज वाटली.

तेव्हापासून ती लाज त्याच्याबरोबर कामाला येत होती. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेऊन तो निघायचा. बॅगेत पिनांचे डबे, चिमटे आणि छोटी इस्त्री असायची. मराठी घरातले लग्न असले की तो तोंडाला मास्क लावायचा. धुळीची ॲलर्जी आहे, असे सांगायचा. काम मात्र त्याला आवडत होते. एखादी घाबरलेली मुलगी, पदर नीट बसल्यावर आरशात ताठ उभी राहिली, की त्याला बरे वाटायचे. पण हे बरे वाटणेही त्याने कोणाला सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरभर पुरणाचा आणि आंबिलीचा वास होता. पुरणपोळ्या घमापूरच्या एका बाईंकडून करून आणल्या होत्या, सोळा भाज्या आईने खुर्चीवर बसून सांगत सांगत योगेंद्रकडून करून घेतल्या होत्या. ज्येष्ठा-कनिष्ठा मुखवट्यांसकट शेजारी शेजारी उभ्या होत्या. डोक्यावरून फुलोरा लोंबत होता.

दिवाकरराव आले ते हात जोडूनच. मुरलीधरांबरोबर ते फॅक्टरीत होते. निवृत्त झाल्यावर फॅक्टरीला माणसे पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात बसू लागले होते. योगेंद्रसाठी तिथे शब्द टाकावा, असे मुरलीधर त्यांना होळीपासून सांगत होते. “पोरगा आहे कामावर, पण ती प्रायव्हेट कंपनी. फॅक्टरीच्या गेटातून आत जाणारं पोरगं वेगळं असते,” हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

“वा वहिनी!” दिवाकरराव महालक्ष्म्यांसमोर थांबले. “क्या बात है! निऱ्या तर अशा, जशा स्केलनं आखल्या. अन् तुमचा हात तर प्लास्टरमधी. कोणी नेसवल्या?”

आईने योगेंद्रकडे पाहिले. योगेंद्र पाटाशेजारी पाण्याचे तांबे ठेवत होता. त्याने खाली पाहिले.

“बेबीताईनं,” मुरलीधर म्हणाले. “शेजारच्या.”

योगेंद्रच्या हातातला तांबा पाटावर जरा जोरात टेकला. बाबांना खोटे बोलताना त्याने कधी ऐकले नव्हते. फॅक्टरीतून सुटताना गेटवर झडती व्हायची, तेव्हा खिशात चुकून राहिलेला एक वॉशर परत ठेवायला ते वर्कशॉपपर्यंत मागे गेले होते. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आता ते दिवाकररावांसाठी पाट सरळ करत होते आणि पाट आधीच सरळ होता.

दोघे जेवायला बसले. योगेंद्र वाढत होता. त्याला सुटल्यासारखे वाटले होते आणि सुटल्यासारखे वाटल्याचेच वाईट वाटत होते.

“साहेबांशी बोललो मी,” दिवाकरराव पोळीवर तूप ओढून घेत म्हणाले. “मेंटेनन्समधी एक जागा आहे. डिग्रीवाला पाहिजे. सध्या ठेक्यावर, पण रोज गेटच्या आत. काय इंजिनिअर साहेब, येता ना?”

योगेंद्र काही बोलायच्या आत दारात चपला वाजल्या आणि आईला हाक आली.

“प्रतिमा! अगं, मी पाटनहून आत्ताच येऊन राहिली, बस वाटेत बंद पडली म्हणून उशीर. म्हटलं, सवाष्ण म्हणून बोलावलं आहे अन् आपण तिसऱ्या दिवशी पोचतो का काय!” बेबीताई घाम पुसत आत आल्या, हातातली पिशवी खाली ठेवली, वाकून महालक्ष्म्यांना नमस्कार केला आणि वाकलेल्याच राहिल्या. “अगं बाई! कोणी नेसवल्या गं या? माझ्या लेकीच्या लग्नातही कोणाला अशा जमल्या नाही.”

दिवाकररावांनी ताटातून वर पाहिले.

“तुम्ही नाही नेसवल्या?” दिवाकररावांनी विचारले.

“मी? मी तर आठ दिवस लेकीकडं होती.”

दिवाकररावांनी मुरलीधरांकडे पाहिले. आधी गंमत वाटल्यासारखे, मग नुसतेच. मुरलीधरांचा हात वाटीवर होता. ते वाटीतल्या आंबिलीकडे पाहत होते. त्यांची मान इतकी खाली गेली होती, की योगेंद्रला त्यांच्या टाळूवरचा विरळ, पांढरा भाग दिसला. तो त्याने याआधी कधी असा वरून पाहिला नव्हता.

“मी नेसवल्या, काकू,” योगेंद्र म्हणाला.

बेबीताई वळल्या. “तू?”

“हो.”

“अरे वा!” दिवाकरराव मोठ्याने हसले. ते हसणे सगळ्यांना सोडवण्यासाठी होते. “काहून लपवते मुरली? पोरानं हौसेनं केलं, आईचा हात मोडला होता, तर काय झालं! चार वर्षं इंजिनिअरिंग करून साडी तरी सरळ नेसवता आली. माझ्या पोराला तर स्वतःचा पायजमा बांधता येत नाही.”

सगळे हसायला तयार होते. एवढे हसले असते, तर गोष्ट तिथेच मिटली असती. योगेंद्रच्या हातात कढीचे भांडे होते. भांडे गरम होते आणि फडके एका बाजूने घसरले होते, पण त्याने ते नीट केले नाही.

“हौस नाही, काका. हेच काम करतो मी. पार्लरमध्ये. रिछाईची कंपनी वगैरे काही नाही. बाबांना मीच खोटं सांगितलं होतं.”

बेबीताई हळूच आईशेजारी जाऊन बसल्या. दिवाकरराव घास तोंडाशी नेऊन थांबले, मग तो त्यांनी खाल्ला. योगेंद्र बाबांकडे पाहत नव्हता. त्याला वाटले, आता ते उठतील. ताटावरून उठणे या घरात कधी झाले नव्हते, महालक्ष्म्यांच्या पंगतीत तर नाहीच. तरी त्याला वाटले.

“कढी वाढ,” मुरलीधर म्हणाले. “दिवाकरची वाटी रिकामी आहे.”

बाकीचे जेवण भाज्यांबद्दल बोलण्यात पार पडले. निघताना दिवाकररावांनी फाटकाशी मुरलीधरांचा दंड धरला. योगेंद्र उष्टी काढत होता, पण खिडकी उघडी होती.

“पोराला समजव, यार. लेडीज लोकांचं काम ते. उद्या लग्न करायला निघशील, लोक विचारतील, मुलगा काय करते? माझ्या शब्दावर साहेबांनी जागा धरून ठेवली आहे. उद्या दुपारी फोन करतो. हो म्हण, बस. बाकी मी पाहतो.”

मुरलीधर काय म्हणाले, ते ऐकू आले नाही. ते बराच वेळ आत आले नाहीत. योगेंद्रने खिडकीतून पाहिले, तेव्हा ते फाटकाजवळ उभे होते. पाटी पुसत नव्हते, वाचतही नव्हते. नुसते उभे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाच्या अक्षता पडल्या, मुखवटे उतरले. बाबा सकाळपासून त्याच्याशी बोलले नव्हते. रागावून नव्हे. काय बोलायचे ते हाताशी न लागल्यासारखे ते या खोलीतून त्या खोलीत जात होते. दुपारी जेवण झाल्यावर ते हॉलमध्ये पेपर घेऊन बसले. मोबाइल समोर स्टुलावर ठेवला.

योगेंद्रने लॅपटॉपची बॅग आणली. रोज ती तो स्वतःच्या खोलीत, दार लावून उघडत असे. आज त्याने ती हॉलमध्ये, दिवाणावर उघडली. आत मलमलीत गुंडाळलेली जांभळी बनारसी साडी होती. उद्या एका घरी गोदभराई होती, दिवस भरत आलेल्या बाईला फार वेळ उभे राहावत नाही, म्हणून निऱ्या आधीच घालून, इस्त्री करून न्यायच्या होत्या. हे काम तो पार्लरमध्ये करत असे. पण आज आईला सोडून जाता येत नव्हते.

त्याने साडीचा वरचा काठ खुर्चीच्या पाठीला चिमट्याने लावला आणि निऱ्या घालायला लागला. वर नीट बसत होत्या. खाली रेशीम सरकत होते. त्याने गुडघा टेकून काठ दाबला, तर वरची निरी सुटली. पुन्हा घातली. पुन्हा सुटली.

आई दारात येऊन उभी राहिली. तिने डावा हात पुढे केला आणि प्लास्टरकडे पाहून मागे घेतला.

पेपर खाली ठेवल्याचा आवाज झाला. मुरलीधर उठले, दोन्ही हात धोतराला पुसले आणि मोठ्या कष्टाने फरशीवर बसले. त्यांचे गुडघे कटकन वाजले.

“कुठं धरू?”

योगेंद्रने साडीचा खालचा काठ त्यांच्या हाताशी सरकवला.

“इथं. काठाला. दोन बोटांत धरा. अंगठ्यानं दाबू नका, रेशमाला वळ पडते.”

मुरलीधरांनी काठ धरला. त्यांची बोटे जाड होती, तेलाने आणि लोखंडाने कायमची काळवंडलेली. जांभळ्या रेशमावर ती फार मोठी दिसत होती.

“असं?”

“ओढू नका. नुसतं सरळ धरा. वरून निरी आली की तिला जागा द्या, मग पकडा.”

पहिली निरी वाकडी गेली. दुसरीही. योगेंद्रने दोन्ही सोडवल्या आणि काही न बोलता पहिल्यापासून सुरुवात केली. मुरलीधरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

“किती इकडं-तिकडं चालते?” त्यांनी विचारले.

“धागाभर.”

त्यांनी मान हलवली. ही भाषा त्यांना समजत होती. पुढची निरी खाली आली तेव्हा त्यांनी ती आधीच्या निरीवर ठेवली, काठाला काठ लावून पाहिला, केसभर मागे घेतली आणि मग धरली.

थोडा वेळ दोघेही काम करत राहिले. एकमेकांकडे पाहावे लागत नव्हते, हे दोघांनाही सोयीचे होते.

“तिकडं खालून कोण धरते?” मुरलीधरांनी साडीकडेच पाहत विचारले.

“कोणी नाही. गुडघ्यानं दाबतो.”

“मंग काम बिघडत असंल.”

“बिघडते कधी कधी.”

स्टुलावरचा मोबाइल वाजला. थरथरत तो काठाकडे सरकू लागला, तेव्हा आईने पुढे होऊन तो डाव्या हातात उचलला आणि नाव पाहिले.

“दिवाकरभाऊंचा आहे.”

योगेंद्रची बोटे वरच्या निरीवर थांबली. खाली बाबांची बोटे जशीच्या तशी होती.

“कानाला लावू का?” आईने विचारले.

“राहू दे,” मुरलीधर म्हणाले. “निऱ्या सुटतील.”